दोन बोटांचा खळगा

मी एक जुनं जू आहे, मित्रांनो, मदुरा बेटावरच्या एका स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेलं. फणसाच्या लाकडाचं आहे मी. अंगभर वेलबुट्टी, वर सोनेरी रंग. रंग थोडा उडालाय, पण ऐट काही गेलेली नाही. मला नांगराचं जू समजू नका हं. मी गाईंच्या सौंदर्यस्पर्धेचं जू आहे. सनईच्या तालावर दोन गाई माझ्याखालून नटूनथटून चालत यायच्या आणि मैदानाच्या टोकाला असलेल्या कमानीखालच्या फळीवर पुढचे पाय एकदम ठेवायच्या. पाय मागेपुढे पडले की गुण गेले.

मिस्नादिन सुतारानं मला दुराहेम आणि त्याची बायको होस्निया यांच्यासाठी घडवलं. परक्या माणसाला आमच्या बेटावरच्या गाई सगळ्या सारख्याच दिसतात. तांबूस अंग, पांढुरके पाय, झालं. पण कितीतरी माना माझ्याखालून गेल्यात, मला विचारा. उत्तर किनाऱ्याची गाय उंच, मान लांब, वशिंड जेमतेम. पलीकडच्या सापुदी बेटावरची बुटकी, मानेनं जाड, वशिंड लहान पण टणक. सख्ख्या बहिणींची नाकं कुठं सारखी असतात?

दुराहेमची मन्तेन होती उत्तरेची, उंच. दुसरी केने. केने म्हणजे चिमुकली. तिच्या आजीला होस्नियाच्या आईनं सापुदीहून नावेतून आणलं होतं. आई गेली, गाईचा वंश तेवढा राहिला. म्हणून होस्निया स्वतःच्या आधी केनेला मक्याचा भात भरवायची.

दोघींच्या उंचीत दोन बोटांचा फरक होता. मी सदा केनेच्या बाजूला कललेलं, आणि तिची मान माझ्या कडेनं सोलवटायची. मला वाईट वाटायचं, पण लाकडाला बोलता येत नाही.

मग दुराहेमनं एक शहाणपणा केला. आमच्याकडे रोज दुपारी गाईंचे पुढचे पाय उंचवट्यावर ठेवून त्यांना उभं करतात, मान ताठ राहावी म्हणून. त्यानं केनेच्या पायांखाली जास्तीची वीट लावली. ती मन्तेनएवढी दिसावी, हा हेतू. चार महिने ती विटेवर उभी राहिली. मग गावात सरावाची फेरी झाली. कमानीपाशी मन्तेननं झोकात फळीवर पाय ठेवले, आणि केने एक पाय हवेत धरून वीट शोधत उभी राहिली.

"दुराहेम, जिना घरीच विसरलास काय रे?" कुणीतरी ओरडलं. सगळं मैदान हसलं.

घरी आल्यावर दुराहेम म्हणाला, "पुरे झालं. खाटकाला सांगून ठेवतो. मोठ्या स्पर्धेत पुन्हा अडली, तर मैदानावरूनच त्याच्या गाडीत."

"वीट तुम्ही लावलीत, आणि शिक्षा तिला?" होस्निया म्हणाली.

"मग काय, मला घालतेस गाडीत?"

"तुम्हाला कोण घेतंय?"

दुसऱ्या दिवशी तिनं मिस्नादिनला बोलावून आणलं. म्हाताऱ्यानं दोन्ही गाईंच्या मानेवरून हात फिरवला, मला चाचपलं.

"नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात," तो म्हणाला. "पण पोरी, इथं अंगणच वाकडं आहे. हे जू मीच सरळ घडवलं होतं ना, दोन वेगळ्या मानांसाठी."

"काका, नवं करायला वेळ नाही."

"नवं कशाला? हेच तासतो."

त्यानं मन्तेनच्या बाजूला मला खालून दोन बोटं कोरलं. दुखलं का, विचाराल, तर हो, दुखलं. माझी एक सुबक वेल गेली. पण मन्तेनच्या मानेवर मी तेवढंच खाली बसलं, आणि जन्मात पहिल्यांदा सपाट झालं. होस्नियानं ती जास्तीची वीटही काढून टाकली.

स्पर्धेच्या दिवशी खाटकाची गाडी खरोखरच कुंपणाशी उभी होती. होस्नियानं तिकडे पाठ केली होती. सनई सुरू झाली. आम्ही निघालो. केनेच्या मानेतल्या नाडीचा एकेक ठोका मला कळत होता. कमान आली. तिनं पाय उचलला, जरा वर धरला. मी म्हटलं, संपलं. आणि तिनं पाय खाली आणला, अगदी मन्तेनच्या पायाबरोबर. फळीवर एकच आवाज झाला.

आमचा नंबर सहावा. बक्षीस पाचांना होतं. दुराहेम खाटकाकडे गेला आणि म्हणाला, "रिकामीच ने गाडी." मग केनेच्या सोललेल्या मानेला त्यानं स्वतः खोबरेल तेल लावलं. होस्निया नुसती रडली.

आता केने नाही, मन्तेन नाही. गोठ्यात केनेच्या नाती आहेत, तशाच बुटक्या. मी दुसऱ्या कुठल्या जोडीला बसत नाही, म्हणून भिंतीवर आहे. होस्निया दर सणाला मला तेल लावते आणि तिचा अंगठा त्या खळग्यात थोडा वेळ थांबतो. मिस्नादिनचे उपकार मी विसरणार नाही.

मित्रांनो, तुमच्या गोठ्यातही कुणी बुटकी असेल, कुणी वाकड्या शिंगाची. तिला विटेवर चढवू नका. दोन बोटं कमी पडली, तर आधी जू तासून बघा.