कंदिलाचं माप

भादव्यातला तो दिवस कोंदटलेला होता. आभाळ खाली उतरलेलं, पण पाऊस नाही. लिंबाचं पान हलत नव्हतं, आणि चुलींचा धूर वर जायचं सोडून गल्लीत गुडघाभर उंचीवर लोळत पडला होता. असल्या दिवशी पेव उघडू नये, हे सितारामला कुणी शिकवलं नव्हतं. म्हाताऱ्याच्या छातीलाच ते कळायचं. पण मालकांचा, दिनकररावांचा, निरोप सकाळीच आला होता. पेव उघडलंय, धाकट्याला घेऊन ये.

पालमच्या त्या टापूत ज्वारी अजून पेवात ठेवत. अंगणात विहिरीसारखा खोल खड्डा आणि वर माणूस मावेल एवढंच तोंड. पावसाळ्यात दाणा ओलावला की आत वाफ धरते. तिला रंग नसतो, रूप नसतं; उतरलेला माणूस हाक मारायच्या आत खाली बसतो आणि उठत नाही. म्हणून आधी कंदील सोडायचा, आणि ते काम वर्षानुवर्षं सितारामचं. त्याची रीत ठरलेली. कंदील आधी आपल्या घरात जमिनीवर ठेवायचा, वात वरखाली करत ज्योत बोटाच्या पेराएवढी आणायची, आणि ती डोळ्यांत भरून घ्यायची. तेच माप. पेवात ज्योत त्याहून बारीक झाली की उतरायचं नाही. घरच्यासारखी हवा पाहिजे, एवढंच तो सांगे.

गेल्या साली तो पोखर्णीला लेकीकडे गेला होता. मोंढ्याच्या बाजाराला धान्य नेणारी गाडी खोळंबली म्हणून दिनकररावांनी कंदिलाशिवायच त्याच्या थोरल्याला, नागनाथला, पेवात उतरवलं. वर काढला तेव्हा त्याच्या मुठीत ज्वारी होती. पोरगं पिऊन उतरलं, असं दिनकररावांनी पोलिसांना सांगितलं, आणि नागनाथने जन्मात दारूला हात लावला नव्हता हे ठाऊक असलेल्या गावाने माना डोलावल्या. सिताराम काहीच बोलला नाही. गाय आहे हो म्हातारा, असं लोक कौतुकाने म्हणाले. ते कौतुक त्याने गिळलं, आणि तेव्हापासून तो गिळतच होता. भाकरीच्या घासाबरोबर, मालकांना वाट देताना, पहाटे डोळा उघडताना.

त्या सकाळी त्याने घरात कंदील लावला आणि जमिनीवर ठेवला. ज्योत आक्रसली, निळी झाली आणि विझली. घासलेटात पाणी असेल म्हणून त्याने तेल बदललं, वात कातरली, काच पुसली. हातात धरला की कंदील जळे, जमिनीला टेकला की विझे. शेजारच्या चांगुणाबाईचा कंदील मागून आणला. तिच्या उंबऱ्यात तो झकास जळत होता. सितारामच्या जमिनीवर टेकताच गेला. धाकटा पंडित तिथेच बसून पटका बांधत होता आणि चांगला श्वास घेत होता. चूल मात्र पहाटेपासून धरत नव्हती, म्हणून त्याची बायको गीताबाई पीठ घेऊन चांगुणाबाईकडे भाकरी थापायला गेली होती.

माप न घेताच सिताराम निघाला. दिनकररावांच्या अंगणात माणसं जमली होती. त्याने कंदील पेवात सोडला. ज्योत वाढली. तळाला टेकला तेव्हा तर ती काचेत मावेना, आणि दाण्यांचा ढीग सोन्यासारखा लखलखला. इतकी स्वच्छ हवा त्याने कधी उघड्या शिवारातही पाहिली नव्हती.

दिनकरराव हसले. "बघ. नामांतराच्या मोर्च्यात परभणीपस्तोर चालायला दम पुरतो तुमाला. पेवात उतरायलाच तेवढा पुरत न्हाई."

पंडित पुढे झाला. सितारामने त्याच्या छातीवर आडवा हात धरला.

"आज कुणी उतरायचं न्हाई. माझ्या घरात कंदील विझायलाय."

"तुझ्या घराचा अन् माझ्या पेवाचा काय संबंध रे?"

"नागनाथ तुमच्या पेवात मेला, मालक. आणला माझ्या घरात. संबंध तवाच लागला." म्हाताऱ्याचा आवाज चढला नव्हता, पण ऐकणारे दोन पावलं मागे सरले. "हवा लय चांगली हाय ना? मग तुमी उतरा."

दिनकररावांनी पेवात पाहिलं. त्या उजेडात त्यांचा चेहरा खालून पिवळा दिसला. मग त्यांनी गड्याला तोंडावर फरशी सरकवायला सांगितलं, आणि उद्यापासून बापलेकांनी या दारात यायचं नाही, असंही सांगितलं. पंडित वाचला होता. वाटेत तो काहीतरी विचारत होता, पण सितारामला ऐकू येत नव्हतं. त्याला वाटलं होतं की एकदा बोललं की आतलं उतरेल. ते उतरलं नाही. बूच काढल्यासारखं ते आता नुसतं भरभरून वर येत होतं.

पंडितला चांगुणाबाईकडे जेवायला धाडून तो एकटाच घरात शिरला. हातातला कंदील गुडघ्यापाशी विझला. त्याने तो पुन्हा लावला, कमरेपाशी विझला. तिसऱ्यांदा लावून छातीशी धरला, तर काडीसकट गेला. आंबलेल्या ज्वारीचा वास आला. घरात ज्वारीचा दाणा नव्हता. तो भिंतीला टेकून हळूच खाली बसला, आणि बसल्यावर त्याला बरं वाटलं. शेजारी कुणीतरी आधीपासूनच टेकून बसावं, तशी उजव्या खांद्याला ऊब लागत होती. त्या बाजूला, मुठीतून सुटावेत तसे, चार दाणे जमिनीवर पडले. तिकडे त्याने पाहिलं नाही.

दाराचा उजेड फार वर दिसत होता. गोल, ताटाएवढा, पेवाच्या तळातून तोंड दिसावं तसा. त्या उजेडात चांगुणाबाईचं डोकं आलं. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून ती वाकून खाली बघत होती, आणि मागे गीताबाईचं रडणं चाललं होतं. बराच वेळ बघून झाल्यावर चांगुणाबाई, लेकराला समजवावं तशी, हळू बोलली.

"भाऊ, दोर सोडलाय. पण दोघांनी एकदम धरू नका."