पंचफुलेच्या आख्यानाचा शेवट

“...तवा पंचफुला म्हने देवाले, बापा, एक तर मले गाऊ दे, नाई तर राखन करू दे. दोनी मले जमत नाई—”

महाराजांचा आवाज चढत होता, उज्ज्वलाची बोटं त्याच्या मागोमाग धावत होती, आणि नेमका तेव्हाच स्क्रीन काळा झाला. टेबलावरच्या सीपीयूची घरघर थांबली. डोक्यावरचा पंखा मात्र गरगरतच होता. म्हणजे लाइन गेलेली नव्हती.

“मेलं पुन्हा,” ती पुटपुटली.

“कोन मेलं?”

“कोनी नाई, बाबा. कम्प्युटर बंद पडला.”

“मंग पंचफुला?”

“ते हाये. तिले काई नाई झालं.”

महाराजांनी समाधानाने मान हलवली, भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले. आज आता ते पुढे सांगणार नाहीत, हे उज्ज्वलाला कळून चुकलं. कीर्तनाचा धागा एकदा तुटला की त्यांना मधून गाठ मारता येत नसे. उद्या पुन्हा नमनापासून सुरुवात.

तिच्या वडिलांनी, शालिग्राम महाराजांनी, पन्नास वर्षं केनवड आणि आसपासच्या गावांतून कीर्तन केलं. मोठं नाव झालं नाही, पण सप्ताहाच्या पत्रिकेत त्यांचं नाव नसलं तर बाया विचारत, “महाराज आजारी हायेत का?” साऱ्या आयुष्यात त्यांनी कुणाला टेप लावू दिला नाही. समोर कुणी टेपरेकॉर्डर ठेवला तर ते तो उचलून, वर प्रसादाचं केळं ठेवून, मालकाच्या हाती परत देत. “कीर्तन हे आइकनाऱ्याच्या पुढं असते गड्या, डबीत भरता नाई येत.” पुढे मोबाइल आले, त्यांनाही तोच नियम.

मग दोन वर्षांपूर्वी एका गावी, सातव्या दिवशी, भर कीर्तनात ते थांबले. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. टाळकऱ्यांनी समजून उमजून नामाचा गजर धरला आणि तो आरतीपर्यंत थांबू दिला नाही. लोक भले होते, कुणी काही बोललं नाही. फक्त पुढच्या वर्षी बोलावणी आली नाहीत.

त्यानंतर एके दिवशी चहाची बशी खाली ठेवून तेच म्हणाले, “बाई, तू लिहून घे माह्याजौळचं. पोथी चालते. पोथी काई डबी नाई.”

उज्ज्वला नवऱ्याच्या मागे माहेरी आलेली. गेली वीस वर्षं रिसोडला तहसीलसमोरच्या एका टपरीत टायपिंग करत होती. ‘मी सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की’ हे तिनं इतक्यांदा टाइप केलं होतं की झोपेतही बोटं तेवढी हलली असती. महाराजांच्या वेगानं हातानं लिहिणं जमेना, पण कीबोर्डवर ती कुणालाही ऐकायची नाही. म्हणून दिवाळीनंतर घरी नवा कम्प्युटर आला. रोज कामाला जायच्या आधी दीड तास बाबा सांगत आणि ती टाइप करी. सहा आख्यानं झाली. सातवं उरलं, पंचफुलेचं.

ते महाराजांनी स्वतः रचलेलं. ज्वारीच्या शेतात माळ्यावर, उंच मचाणावर, बसून गोफणीनं पाखरं हाकणाऱ्या गरीब बाईचं. पंचफुलेला देवाचं नाव घेतल्यावाचून राहवत नाही, आणि नाव घेताना डोळे मिटतात, आणि डोळे मिटले की पाखरं कणसावर तुटून पडतात. मालक म्हणतो, गाणं तरी सोड नाही तर काम तरी. तेव्हा एक काळासावळा वाटसरू येतो, तिच्या हातातली गोफण घेतो आणि म्हणतो, “तू गाय. मी राखतो.” आठ दिवस तो राखण करतो. नवव्या दिवशी मालक शेत पाहायला येतो.

इथपर्यंत उज्ज्वलाला तोंडपाठ होतं. इथून पुढे काय होतं ते तिला ठाऊक नव्हतं.

हे कुणाला सांगितलं तर खरं वाटलं नसतं. लहानपणापासून ती बापाच्या मागे टाळ घेऊन उभी राहिली. पण मालक शेताच्या बांधावर आला की बाबा डोळ्यांनी खूण करत, आणि ती देवळाच्या मागे जाऊन आरतीचं ताट लावू लागे. वाती भिजवायच्या, कापूर ठेवायचा, वाऱ्यात काडी पेटवायची. परत येई तेव्हा बाया पदरानं डोळे पुसत असायच्या. आख्यानाचा शेवट सगळ्या पंचक्रोशीनं ऐकला होता, लेकीनं नव्हता.

आणि एकदा तो तिच्या हातात आला होता! कम्प्युटर पहिल्यांदा बंद पडला त्या दिवशी बाबांनी पूर्ण आख्यान सांगितलं होतं, शेवटासकट. तिनं ते टाइपही केलं होतं. पण टायपिस्टची खोड अशी वाईट, की शब्द कानातून थेट बोटांत उतरतो, मधे मनात थांबत नाही. नंतर निवांत वाचू, असं तिनं ठरवलं होतं. सेव्ह करायच्या आतच स्क्रीन काळा. पुन्हा चालू केला तर गोष्ट अर्ध्यावर तुटलेली, आणि तिला शेवटचं एक अक्षर आठवेना. सख्ख्या बापाच्या तोंडून ऐकलं, सख्ख्या हातांनी उतरवलं, आणि काही म्हणजे काही आठवेना. त्या दिवशी ती भाकरी थापता थापता रडली.

तेव्हापासून महिना झाला. दर वाक्याला सेव्ह करायची सवय तिनं लावून घेतली, पण त्यानं मशीन काही बंद पडायची थांबली नाही. कधी दहा मिनिटांत, कधी तासानं, कधी दोन दिवस अगदी शहाण्यासारखी चालायची. मशीन ज्याच्याकडून घेतली तो वाशिमचा दुकानदार फोनवर म्हणाला, “ताई, लाइन कमीजास्त होत असन.” तिनं यूपीएस आणला. मग म्हणाला, विंडोज पुन्हा टाका. तेही टाकून झालं. मग तिनं सीपीयू गोधडीत बांधला, एसटीत मांडीवर घेऊन वाशिमला नेला. दुकानात दोन दिवस सलग चालला. “मशीन एक नंबर हाये, ताई. तुमच्या घरचंच काईतरी हाये.” तिनं स्वतः उघडून पाहिला असता, पण वॉरंटीचा कागद चिकटवलेला. तो फाटला की दुकानदार हात वर करणार.

मशीन बंद पडत होती आणि गोष्ट झिजत होती. पहिल्यांदा बाबा पाखरांची अकरा नावं घ्यायचे, राघूपासून होल्यापर्यंत. मग सहा राहिली. मग नुसतीच “पाखरं”. मालकाचं नाव गेलं. शेतातली विहीर गेली. दर सकाळी उज्ज्वला मनात म्हणे, देवा, आज एवढं शेवटापर्यंत जाऊ दे.

शेवटी दुकानदारानं माणूस पाठवला. उदयसिंग, पन्नाशीचा, मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा. आधी रेडिओ दुरुस्त करायचा, मग टीव्ही, आता हे. आल्या आल्या त्यानं पाणी मागितलं, सॉकेटात टेस्टर खुपसला, अर्थिंग पाहिलं, वायरी हलवल्या.

“लाइन बरोबर हाये तुमची. बंद पडते तवा काई आवाज येते का?”

“पैले जरा घुरघुरते. मंग एकदम गप.”

“गरम होऊन राह्यला. पाहू.” त्यानं स्वतःच्या हातानं कागद फाडला, स्क्रू काढले आणि बाजूचा पत्रा सरकवला. आत डोकावला. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा डोकावला. “ताई, ह्या सीपीयूचं लगन लावलं का तुमी?”

“काहून?”

“इकडं या.”

आत तांदूळ होते. हळदकुंकवात माखलेल्या अक्षता. तळाला पसरलेल्या, वायरींच्या बेचक्यात अडकलेल्या, छोट्या पंख्याच्या पात्यांत रुतलेल्या. आणि पंख्याखालच्या जाळीवर काळ्याशार बुक्क्याचा थर. सीपीयूला वरून भोकं होती, हवा जायला ठेवलेली. त्यातूनच सगळं आत गेलं होतं. उदयसिंगनं पेपर पसरला आणि ब्रशनं झाडून काढलं. चांगली ओंजळभर रास झाली.

“दाना पंख्यात अडकला का पंखा थांबते. पंखा थांबला का आतलं तापते. मंग ते सोताच बंद पडते, जीव वाचवाले. एसटीत हादरला, दाने खाली पडले, म्हनून दुकानात चालला. घरी आला का पुन्हा लगन.” तो हसला. “नव्या मशीनची पूजा सारेच करतेत. पन एवढे तांदूळ? बाप्पा!”

“म्या एकच डाव केली,” उज्ज्वला म्हणाली. “आनली त्या दिवशी. अन् तवा नुसतं फूल वाह्यलं होतं.”

दोघंही पेपरवरच्या राशीकडे पाहत असतानाच आतल्या खोलीतून महाराज आले. अंघोळ झालेली, कपाळाला गंध, एका हातात अक्षतांची वाटी, दुसऱ्या हातात बुक्क्याची डबी. उघड्या पडलेल्या यंत्राकडे पाहून त्यांचा चेहरा उजळला.

“आली का मशीन? बरं झालं. आजच आली ना, बाई? पूजा करा लागन. याच्यात आपली पोथी राह्यनार हाये.”

उज्ज्वला कामावरून आली की टेबलावर अक्षतांचे चार दाणे असत, बाबांच्या देवपूजेतले समजून ती झाडून टाकी; ते कुठले, हे तिला आता कळलं. उदयसिंगनं हातातला ब्रश खाली ठेवला, उठून टोपी सारखी केली आणि वाकून नमस्कार केला.

“हो महाराज, आजच आली. मीच घेऊन आलो. पन आता उघडी हाये. जरा दम धरा.”

महाराज वाटी घेऊन खाटेवर जाऊन बसले, पाहुण्याची वाट पाहावी तसे. उदयसिंग हलक्या आवाजात म्हणाला, “ताई, माह्याजौळ एक मेलेला सीपीयू हाये. नुसता डबा. तो टेबलावर ठेवा, करू द्या त्याइले त्याची पूजा. खरा खाली ठेवून देऊ.”

तिनं मान हलवली. “नाई, दादा. त्याइच्यापुढं खोटं नाई ठेवनार मी.”

ती खाटेपाशी गेली आणि खाली बसली. “बाबा, मशीनवर काय टाकता? लिहिनारीवर टाका.” महाराजांना ते पटलं. त्यांनी तिच्या डोक्यावर अक्षता टाकल्या, कपाळाला बुक्का लावला. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी मशीन नवी आली की उज्ज्वला डोकं पुढं करी. सीपीयू टेबलाखाली गेला.

त्यानंतर तो एकदाही बंद पडला नाही, पण तीन दिवस बाबांचाच घसा बसला होता.

चौथा दिवस रविवार. तिला कामाची घाई नव्हती, महाराजांचा आवाजही मोकळा होता. नमन झालं, पंचफुला माळ्यावर चढली, पाखरं आली, मालक रागावला, वाटसरूनं गोफण घेतली. पाऊण तास झाला. मशीन आपली एका सुरात चालत होती. आठ दिवस सरले. नवव्या दिवशी मालक बांधावर आला.

“पाह्यते तं काय! एक कनीस खाल्लेलं नाई. मालक म्हने, पंचफुले, कोन होता राखनदार? आन पंचफुला माळ्याकडं धावली—”

आणि ते थांबले.

उज्ज्वलानं वाट पाहिली. स्क्रीनवरची रेघ उघडझाप करत होती.

“मंग, बाबा?”

महाराज खाटेवरून हळूच उतरून खाली सतरंजीवर बसले होते. मांडी घातलेली, हात जोडलेले, डोळे तिच्याकडे लागलेले. पहिल्या रांगेत बसून ऐकणाऱ्या म्हाताऱ्यांचे असतात तसे.

“मंग काय झालं?” त्यांनीच विचारलं.

“तुमीच सांगा ना.”

“मले काय मालूम? तुमी सांगून राह्यले ना, महाराज.”

तिनं खिडकीबाहेर पाहिलं, मग कीबोर्डकडे. त्या एका सातव्या दिवसाखेरीज बाबांनी कधी कीर्तन अर्ध्यात सोडलं नव्हतं. समोर ऐकणारा बसला होता. तिनं हात कीबोर्डवरून काढून घेतले आणि उभी राहिली.

“पंचफुला माळ्यावर चढली,” ती म्हणाली. “पाह्यते तं तो राखनदार झोपला होता. आठ दिवसांचा थकलेला. गोफन उशाले. आन साऱ्या रानाची पाखरं त्याच्या भोवताल बसली होती. एकबी कनसावर नाई. चोच नाई उघडली कोनी. तो शेत राखत होता त्याइच्यापासून, आन आता ते राखत होते त्याले. पंचफुलेनं वयखलं, हा कोन हाये ते. पायावर डोकं ठेवा वाटलं, नाव घ्या वाटलं. पन तिनं हाक नाई मारली. सारा जनम ज्याले हाका मारल्या, तो आज समोर होता, आन झोपला होता. ते गुपचूप त्याच्या पायथ्याशी बसली. त्या दिवशी पंचफुला गायली नाई.”

महाराजांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. खाटेचा पाय धरून ते उठले, दोन पावलं पुढे आले आणि वाकले. उज्ज्वलानं पाय मागे घेतले.

“नाई, बाबा—”

“थांबा, महाराज,” ते म्हणाले आणि तिच्या पायांना हात लावून तो कपाळी नेला. कीर्तनाला उभ्या राहिलेल्याचं वय कुणी पाहत नाही. कीर्तनकारानं करायचं तेच तिनंही केलं. वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

मग ते दाराशी जाऊन चपला शोधू लागले.

“लय गोड झालं. येतो मी. घरी लेक वाट पाह्यत असन.”

“चला,” ती म्हणाली, “मी सोडून देतो तुमाले.” तिनं चपला पायांत सरकवल्या, हात धरला आणि त्यांना घराभोवती एक फेरी मारून आणलं. गोठ्यामागून, तुळशीवरून, पुन्हा त्याच दारात. उंबऱ्यावर त्यांनी पाय झटकले आणि आत येऊन खाटेवर बसले.

“आलो गं, बाई.”

“कुठी गेलते, बाबा?”

“कीर्तनाले. एक बाई उभी होती. लिहून घे, इसरून जाईन मी.”

उज्ज्वला मशीनसमोर बसली. महाराज सांगू लागले, पंचफुला माळ्यावर चढली, राखणदार झोपलेला, पाखरं गप्प. सगळं जसंच्या तसं. पायथ्याशी ती बसली इथपर्यंत येऊन ते जरा थांबले. उज्ज्वलाचीही बोटं थांबली.

“आन थंडी होती ना, बाई, पहाटची,” महाराज म्हणाले. “तं तिनं आपला पदर काढला अन् त्याच्या आंगावर टाकला.”

हे तिनं सांगितलं नव्हतं. तिनं ते टाइप केलं.