दीड कडवं

माझं आणि माझ्या बहिणीचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. लोक विचारायचे, वाटणीवरून का? वाटणी करायला होतं काय आमच्याकडं! आई रंगूबाई गेली तेव्हा मागं एक चष्मा, एक बायबल आणि गाण्यांची एक जुनी वही राहिली. भांडण झालं ते गाण्याच्या चालीवरून. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढं मला मधे थांबवू नका.

मी जयराज. साताऱ्याला एसटीच्या वर्कशॉपात फिटर होतो, आता रिटायर. रविवारी आमच्या देवळात पेटी वाजवतो. चर्चला आमच्यात देऊळ म्हणायची जुनी रीत आहे, तेव्हा गोंधळू नका. बहीण संयोगिता, माझ्याहून चार वर्षांनी धाकटी. मिरजेला नर्सिंग शिकली, सांगलीत नांदली, आणि तिकडच्या मंडळीत गीत धरते. म्हणजे पहिली ओळ ती उचलते आणि सगळे मागनं येतात. आवाज असा की शेवटच्या बाकावर झोपलेला माणूस उठून बसतो.

आता चाल. आईचं एक आवडतं गीत होतं, चार कडव्यांचं. साताऱ्यात ते विलायती चालीत म्हणतात, संथ, एकेक शब्द खाली टेकवत. ही चाल आमच्या वडिलांना मिशनच्या मडमेनं शिकवली आणि वडिलांनी मला, हातात छडी घेऊन. सांगलीत तेच गीत देशी चालीत म्हणतात, भजनासारखं, टाळ्या वाजवत. आई दोन्ही म्हणायची. साताऱ्यात असली की माझी चाल, लेकीकडं गेली की लेकीची. आई पक्की राजकारणी. आम्हा दोघांनाही वाटायचं, आपलीच चाल तिला खरी आवडते.

ती गेली आणि कबरीवर तेच गीत म्हणायचं ठरलं. कुठल्या चालीत, ते कुणी विचारलं नाही. मी एका स्टुलावर पेटी ठेवून माझी चाल धरली. त्याच वेळी कबरीच्या पलीकडून संयोगितानं तिची धरली. अशा वेळी एकानं गप्प बसायचं असतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आम्ही दोघंही बसलो नाही. साताऱ्याची माणसं माझ्यामागं, सांगलीची तिच्यामागं, मधे आई. कबर खणणारे दोघं फावडी टेकून बघत राहिले. तिची चाल पळणारी, म्हणून तिचं गीत आधी संपलं. ती तोंड मिटून माझ्याकडं बघत उभी राहिली आणि माझं अजून दीड कडवं शिल्लक होतं. ते मी एकट्यानं म्हटलं. माझ्यामागची माणसंसुद्धा लाजून गप्प झाली होती. पण मी संपवलं, माघार घेतली नाही. त्या दिवसापासून ती साताऱ्याला आली नाही आणि मी सांगलीला गेलो नाही.

आमच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. शिकवण अशी की भावाबहिणीशी वैर असेल तर आधी ते मिटव, मगच भाकरीला हात लाव. खोटेपणा मला जमत नाही. म्हणून नऊ वर्षं प्रभुभोजनाची वेळ झाली की मी पेटीवरून उठायचो आणि बाहेर चपलांपाशी जाऊन उभा राहायचो. कुणी विचारलं तर सांगायचो, चपला चोरीला जातात. आमच्या देवळातून आजवर एकही चप्पल चोरीला गेलेली नाही. माझ्यामुळं असेल.

मिटवायचं तर बोलायला हवं होतं, आणि मला बोलायचं होतंही. पण आधी तिनं बोलावं, कारण ती धाकटी. तिचं म्हणणं उलटं असणार, आधी दादानं बोलावं, कारण तो थोरला. दोघांचंही बरोबर होतं, म्हणून नऊ वर्षं गेली.

आमच्या मधे एकच माणूस होता, तिचा नवरा. याकोबदाजी. वीज मंडळात लाइनमन होते, खांबावर चढून चढून माणूस शांत झाला होता. दर रविवारी साडेअकराला, उपासना संपली की त्यांचा फोन यायचा. काय पावणं, आज काय वाजवलं? मी सांगायचो. मग ऊन, पाऊस, गुडघे, कारखान्याच्या उसाच्या ट्रॉल्या, असल्या विषयांवर बोलणं व्हायचं. संयोगिताचं नाव ते काढायचे नाहीत, मीही काढायचो नाही. पण फोन ठेवताना ते न चुकता म्हणायचे, "इकडं सगळं बरं हाय." हे सगळं म्हणजे ती. तेवढं ऐकायला मी आठवडाभर थांबायचो, हे आता सांगायला हरकत नाही.

वीस सालच्या मार्चमध्ये देवळाला कुलूप लागलं. सांगलीचे पाळक, म्हणजे देवळाचे पाद्री, नेमके त्याच महिन्यात निवृत्त झाले आणि नवे यायचे तर रस्ते बंद. मग आमच्या रविराज पाळकांनी ठरवलं की उपासना मोबाईलवर करायची, सातारा आणि सांगली मिळून, एकाच लिंकवर. मला कुणी विचारलं नाही. माझी लेक प्रांजल घरी बसून कंपनीचं काम करायची, तिच्याकडं सगळ्यांचे आवाज चालू-बंद करायचं खातं आलं.

पहिल्या रविवारी तिनं सगळ्यांचे आवाज चालू ठेवले. म्हटलं, एकत्र गाऊ देत बिचारे. पन्नास घरांतून पन्नास वेगवेगळ्या वेळी गीत सुरू झालं. मंडळीचे पंच मानसिंगराव यांचं फक्त कपाळ दिसत होतं आणि कुणाच्या तरी घरातला कुकर तिसऱ्या शिट्टीला आला होता. आमेन म्हणायलाच पाऊण मिनिट लागलं. दुसऱ्या रविवारपासून प्रांजलनं सगळ्यांची तोंडं बंद केली आणि दोनच आवाज उघडे ठेवले, पेटीचा आणि गीत धरणाऱ्याचा. पेटी साताऱ्याची. गीत धरणारी सांगलीची. सख्खी लेक, तरी मला सांगितलं नाही.

तर आम्ही दोघं त्या पडद्यावर शेजारी-शेजारी. ती केसांना तेल लावून, पांढऱ्या साडीत, वर बघत. मी पेटीकडं बघत. बरं, मोबाईलवर एकाचा आवाज दुसऱ्याकडं पोचायला एखाद-दोन सेकंद जातात, त्यामुळं एकत्र जमेना. पाळकांनी तोड काढली: आधी मी एकट्यानं चाल वाजवायची आणि थांबायचं, मग तिनं एकटीनं गायचं. भांडणाला जागाच ठेवली नाही. आईचं ते गीतही पाळकांनी कधी यादीत घेतलं नाही. माणूस तरुण आहे, पण हुशार आहे.

प्रभुभोजनही तसंच. ज्यानं त्यानं आपापल्या घरी भाकरी आणि रस घेऊन बसायचं. द्राक्षरस कुठला मिळतोय, कुणी कोकम घेतलं, कुणी साखरपाणी. वेळ झाली की मी उठलो आणि सवयीनं दाराबाहेर जाऊन उभा राहिलो. बाहेर आमच्याच घरच्या चपलांचे चार जोड. त्यांच्यावर नजर ठेवली.

तीन महिने असं झाल्यावर प्रांजल म्हणाली, "पप्पा, तुमची रिकामी खुर्ची सगळ्यांना दिसते. कॅमेरा तरी बंद करत जा."

मी म्हटलं, दिसू दे.

"आत्याची पण दिसते," ती म्हणाली. "तुम्ही उठलात की ती पण उठते."

हे मला माहीत नव्हतं. कसं असणार, मी बाहेर असायचो. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. नऊ वर्षं तीही भाकरीला शिवली नव्हती. सांगलीच्या देवळात ती कुठली चप्पल राखत उभी राहत असेल, कोण जाणे.

ऑगस्ट सरता सरता एका रविवारी साडेअकराला फोन आला नाही. दाजींना ताप होता. बुधवारी दवाखान्यात ते गेले. संयोगितालाही कोरोना झालेला, पण थोडक्यात, ती घरातच बंद होती. दाराला पट्टी लावलेली. दफनाला पाच माणसं, तीही अंगभर प्लास्टिक घालून. तिला जाता येणार नव्हतं, मी गेलो असतो तरी तिच्या दारापर्यंत पोचलो नसतो. मला राग आला, आणि कुणावर काढावा ते कळेना. जिनं सगळी नोकरी दुसऱ्यांच्या माणसांचे डोळे मिटण्यात घालवली, तिनं आपल्या माणसाची माती मोबाईलवर बघायची. हा काय न्याय झाला?

फोन हातात घेतला. तिचा नंबर माझ्याकडं नव्हता, दाजींचा होता. त्यावर लावला तर तीच उचलणार. चार वेळा नाव काढलं आणि चार वेळा फोन खाली ठेवला. काय बोलायचं? दहाव्या वर्षी तोंड उघडायचं ते नवरा गेल्यावर?

तेवढ्यात रविराज पाळकांचा फोन आला. म्हणाले, दाजींनी सांगून ठेवलं होतं, आपल्या मातीला आईंचंच गीत म्हणा. मी विचारलं, चालीचं काही बोलले का? पाळक म्हणाले, नाही, चालीचं काही बोलले नाहीत.

मी पेटी काढली आणि सांगलीची चाल वाजवून बघितली. आयुष्यात कधी वाजवली नव्हती. बोटांना सगळी येत होती. नऊ वर्षं मनातल्या मनात तिला शिव्या देत होतो, त्यात पाठ झाली असणार. मी ठरवलं, बोलायला जमत नाही तर निदान एवढं करायचं. एकदा तरी तिच्या चालीनं तिच्यासोबत जायचं.

गुरुवारी सकाळी सगळे लिंकवर आले. तिकडचे पंच जोतीराम लांब झाडाखाली मोबाईल धरून उभे होते. पांढऱ्या प्लास्टिकातली माणसं दोरावरून शवपेटी खाली सोडत होती. संयोगिता तिच्या खोलीत, भिंतीला टेकून. केसांना तेल नव्हतं. पाळकांनी साताऱ्यातून वचन वाचलं, प्रार्थना केली आणि म्हणाले, गीत म्हणू या. आधी पेटी की आधी गाणं, ते या गडबडीत सांगायचं राहिलं. प्रांजलनं दोन्ही आवाज उघडले.

मी तिची चाल धरली.

आणि पहिली ओळ पूर्ण व्हायच्या आत मोबाईलमधून तिचा आवाज आला. फाटलेला, तापानं बसलेला, पण तोच. ती माझी चाल म्हणत होती. वडिलांची, संथ, एकेक शब्द खाली टेकवत.

आता काय करावं? थांबावं तर तिला वाटेल, दादानं पेटी मिटली. ती थांबली असती तर मला वाटलं असतं, रडतेय. म्हणून दोघंही थांबलो नाही. नऊ वर्षांपूर्वीचंच सगळं पुन्हा झालं, दोन चाली, एक कबर, आणि बघत उभी राहिलेली माणसं. फक्त चालींनी घरं बदलली होती. माझी चाल पळणारी, म्हणून माझं गीत आधी संपलं. तिचं दीड कडवं शिल्लक राहिलं.

ती एकटीच म्हणायला लागली. मला ठाऊक आहे, ते दीड कडवं एकट्यानं म्हणणं काय असतं. मी पुन्हा भाता ओढला आणि तिच्यामागनं वाजवायला लागलो, ती म्हणेल ते ऐकून, ऐकू येईल तसं. मला दिसत नव्हतं, चष्मा भरला होता. पण शेवटपर्यंत वाजवलं.

त्यानंतरचा रविवार महिन्यातला पहिला होता. प्रभुभोजनाची वेळ आली तसा मी सवयीनं अर्धा उठलो आणि पडद्याकडं बघितलं. संयोगिता बसलेली होती. तिच्यापुढं बशी होती. मी बसलो. पाळक म्हणाले, घ्या. मी भाकरी मोडली. प्रांजलची भाकरी कडक होते, चावायला वेळ लागला.

साडेअकराला फोन वाजला. पडद्यावर नाव आलं, याकोबदाजी. मी ते नाव बघत राहिलो. मग उचलला.

"दादा," ती म्हणाली, "परवा पेटी मागं पडत हुती तुजी."

"तुज्यामागनंच वाजवत हुतो," मी म्हटलं.

तिकडं पंख्याचा आवाज येत होता. मग तिनं नाक पुसलं आणि सांगितलं की दाजींना वेळेचं कधीच भान नसायचं, रविवारी उपासनेहून आले की आडवे व्हायचे.

"साडेअकरा झालं की नंबर लावून मीच त्येंच्या हातात द्यायची," ती म्हणाली. "आन् शेजारी बसायची."

एवढी नऊ वर्षं, दर रविवारी. मी म्हटलं, आता एसटी सुरू झालीय, येतो.

"आत्ता नगं. दाराची पट्टी निघू दे," ती म्हणाली. "मग ये. पेटी घिऊन ये."