आगाऊ सह्या

सांगलीच्या मोठ्या इस्पितळातल्या क्षमा सिस्टर वडूजच्या शाखेत तपासणीला आल्या, तेव्हा व्यवस्थापक वरदने दारातच पुष्पगुच्छ पुढे केला. सिस्टरांनी तो घेतला आणि बाजूच्या खुर्चीत टाकला. मग वरदने मागच्या महिन्यातल्या प्रशिक्षणाचे फोटो दाखवले. बॅनर, फेटे, जेवणाच्या पंगती. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदला, एवढंच शिकवायला याला फेटे लागले, असं सिस्टरांच्या मनात आलं.

वॉर्डात जोतीराम नावाचे निवृत्त फौजी खुब्याचं हाड मोडून पडले होते. कूस बदलल्याची नोंद करायच्या त्यांच्या तक्त्यावर संध्याकाळी सहापर्यंतच्या सह्या होत्या. घड्याळात सव्वाअकराच झाले होते. सिस्टरांनी त्यांच्या बायकोच्या, मनुबाईंच्या मदतीने त्यांना कुशीवर वळवलं. माकडहाडावर लिंबाएवढी जखम होती.

"आठ दिस झालं," मनुबाई म्हणाल्या. "सांगिटलं तर म्हनत्यात, कागदावर समदं बरोबर हाय."

सह्या मयूरी नावाच्या नर्सच्या होत्या. तिने मान खाली घालून सांगितलं की चोवीस रोग्यांना मिळून दोनच नर्स होत्या, आणि तपासणीआधी तक्ते भरून ठेवायला सरांनीच सांगितलं होतं.

वरद हसला. या वयात जखमा व्हायच्याच, म्हणाला.

सिस्टरांनी शेजारची रिकामी खाट दाखवली. "झोपा. उताणे. दोन तास हलायचं नाही."

सगळ्यांदेखत त्याला नाही म्हणवेना. दहा मिनिटांत त्याची टाच सरकली, विसाव्या मिनिटाला तो कंबर चोळत उठून बसला. गादीच कडक आहे, अशी त्याची तक्रार होती.

"यांच्याखाली तीच आहे," सिस्टर म्हणाल्या.

अहवालात त्यांनी सगळं जसंच्या तसं लिहिलं. इस्पितळाच्या मालक डॉक्टरांनी चडफडत का होईना, दोन आया वाढवल्या, हवेच्या गाद्या आणल्या. आता सिस्टर दर महिन्याला येत, मयूरीला सोबत घेऊन आधी पाठी बघत, मग कागद. जोतीरामांची जखम भरायला तीन महिने लागले. तेवढ्या काळात वॉर्डात नवी जखम एकच सुरू झाली, तीही मयूरीने नुसता लाल डाग असतानाच ओळखली.

पुढच्या फेरीला वरदने पेपरातलं कात्रण कौतुकाने समोर ठेवलं. आदर्श रुग्णसेवेबद्दल त्याचा सत्कार झाला होता. सिस्टरांनी ते शेवटपर्यंत वाचलं आणि चहाचा ओला कप त्याच्या फोटोवर ठेवला.