डोळे बांधलेली फेरी

बस चालवणाऱ्या माणसाला बसमध्ये प्रवासी म्हणून बसायला लावणं म्हणजे आचाऱ्याच्या हातातला झारा काढून घेऊन त्याला ‘गुमान जेवायला बस’ म्हणण्यासारखं आहे. जेवण घशाखाली उतरत नाही. तुफानला तर पहिल्या दिवशीच नाकाला मिरच्या झोंबल्या.

तुफान हे नाव त्याला डेपोत पडलं होतं. ते कौतुकाने पडलं की वैतागाने, हे त्याने कधी कुणाला विचारलं नव्हतं. पडलं म्हणजे कौतुकानेच, अशी त्याची आपली समजूत होती. वेळापत्रकात लिहिलेल्या वेळेच्या चार मिनिटं आधी शेवटचा स्टॉप गाठायचा आणि चहाच्या टपरीवर बाकीच्यांची वाट बघत बसायचं, हे त्याच्या आयुष्यातलं मोठं सुख होतं. माणसांची सुखं काय एकेक असतात!

दोन महिन्यांपूर्वी काठी टेकत एक आजी त्याच्या गाडीत चढली. ती सीटपर्यंत पोचायच्या आतच गाडी सुटली आणि ती मधल्या वाटेतच आडवी झाली. खुब्याचं हाड मोडलं. तक्रार आली, आणि तुफानच्या हातातलं स्टिअरिंग गेलं. तेव्हापासून भेटेल त्याला तो एकच सांगत होता, “एकोणीस वर्षं! एकोणीस वर्षांत माझ्या गाडीत कुणी पडलं नाही. दांडा धरून उभं राहायला काय होतं माणसांना?”

अशा तक्रारी आलेले अठरा ड्रायव्हर डेपोने गोळा केले आणि एका बाईंच्या हवाली केले. या बाई उंचीने लहान, आवाजाने त्याहून लहान. पिकलेल्या केसांच्या माणसांना शिकवायचं कसं, एवढाच त्यांचा अभ्यास. त्यांना दोन पद्धती ताडून बघायच्या होत्या. चिठ्ठ्या टाकल्या. नऊ जण वरच्या मजल्यावरच्या खोलीत गेले. तिथे पंखे होते, नियमांचं पुस्तक होतं, अपघातांची चित्रं होती आणि शेवटी मार्कांची परीक्षा होती. उरलेले नऊ खाली, आवारातल्या एका जुन्या बसमध्ये. ती बस रस्त्यावरून बाद झालेली होती, पण आवारात गोल गोल फिरण्याइतका जीव तिच्यात होता. तुफानची चिठ्ठी खालची निघाली.

“म्हणजे आमच्यावर प्रयोग,” मामा म्हणाला. मामा हा त्या नऊ जणांतला सगळ्यात म्हातारा. “सरळ उंदीर म्हणा की आम्हाला.”

“उंदरांना मी शिकवत नाही, मामा,” बाई म्हणाल्या. “ते फार लवकर शिकतात.”

तीन आठवड्यांनी एक चाचणी होती. तीत पास होणाऱ्याला सोमवारी गाडी मिळणार. नापास झाला त्याला आणखी तीन आठवडे. दुसऱ्यांदाही नापास झाला, तर धुलाईच्या शेडमध्ये पाण्याचा पाइप हातात, तोही कायमचा. दुसऱ्यांनी चालवून आणलेल्या गाड्या आपण धुवायच्या, यापेक्षा तुफानला काहीही चाललं असतं.

खालच्या वर्गात पुस्तक नव्हतंच. एकाने बस चालवायची आणि बाकी आठ जणांनी डोळ्यांवर पट्टी बांधून सीटवर बसायचं, एवढाच अभ्यास. बाई पुढे, ड्रायव्हरकडे पाठ करून, मागे तोंड असलेल्या सीटवर बसून सगळ्यांच्या पायांकडे बघत आणि वहीत रेघा मारत. अर्ध्या तासाने पट्ट्या सुटल्या तेव्हा त्यांनी वही वाचून दाखवली. उजव्या पायाने कोणी किती वेळा जमीन दाबली, याची ती यादी होती. मामाच्या नावावर बावीस. तुफानच्या नावावर एक्याऐंशी.

“इथे ब्रेक नाही, तरी तुम्ही दाबताय,” बाई म्हणाल्या. “दुसऱ्याच्या हातात जीव द्यायचा म्हटलं की असं होतं. तुमच्या मागे साठ जण बसतात. त्यांचे पाय तुम्ही कधी बघितलेत?”

तुफानने मनात म्हटलं, उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. पण त्या रात्री तो अंथरुणावर पडला तेव्हाही उजवा पाय आपोआप आखडला. बायको म्हणाली, “काय हो, लाथा कसल्या मारताय?” त्यावर त्याने कूस बदलली.

दुसऱ्या आठवड्यात बाईंनी नवीन टूम काढली. प्रत्येकाने आपल्या फेरीतला एक खरा प्रवासी निवडायचा आणि रोज तोच व्हायचं. तो कुठे चढतो, हातात काय असतं, आज त्याचा गुडघा दुखतोय का, हे डोळे बांधून बसल्या बसल्या आठवायचं. मामाने एक टकला घड्याळजी निवडला. तो सात वर्षं रोज चढताना ‘नमस्कार’ म्हणत असे, आणि मामाने त्याला एकदाही उत्तर दिलं नव्हतं. कुणी शाळेतली मुलगी निवडली, कुणी दुधाचा कॅन घेऊन चढणारा. तुफानला मात्र कुणी आठवेना. आरशात त्याला नेहमी नुसती डोकी दिसत आली होती, आणि डोक्यांना कुठे गुडघे असतात? शेवटी तो ओशाळून म्हणाला, “बायको चालेल का? ती कामाला माझ्याच रस्त्याने जाते.”

“चालेल काय, धावेल,” बाई म्हणाल्या.

ती दुपार तुफानच्या मनात पुढे कायमची राहिली. मामा गाडी चालवत होता, अगदी संथ. पट्टीवर ऊन पडलं होतं आणि पापण्यांच्या आत सगळं नारिंगी झालं होतं. इंजिनाची घरघर हळूहळू लांब गेली. आवारातल्या त्याच त्याच वळणांचं भान सुटलं आणि गाडी कधी फाटकातून बाहेर पडली ते तुफानला कळलंच नाही. म्हणजे गाडी आवारातच होती, बाहेर गेला होता तो. पाण्याची टाकी मागे पडली, पोस्ट ऑफिस आलं, औषधांच्या दुकानाची हिरवी पाटी आली. रस्ता नेहमीचाच होता पण कुणी तरी धुऊन वाळत घातल्यासारखा, आवाज नसलेला. स्टॉप येत होते. माणसं चढत होती आणि पहिल्यांदाच त्यांना हात, पाय, पिशव्या, खोकले असं सगळं होतं. एका बाईच्या कडेवरचं मूल तिचं कानातलं ओढत होतं. एका माणसाने आपला डबा छातीशी धरला होता, रस्सा सांडू नये म्हणून. तुफान कौतुकाने बघत होता. इतकी माणसं रोज आपल्या पाठीमागे असतात?

मग त्याच्या घराजवळचा स्टॉप आला. नऊची वेळ. रांगेत बायको उभी होती, खांद्याला पिशवी, आणि ती स्वच्छ दिसत होती. दार उघडलं. पुढचे सगळे चढले. बायको मात्र चढली नाही. तिने मान वळवली आणि रस्त्याच्या पलीकडे, काहीच नव्हतं तिकडे बघत राहिली. तुफानने आतून हाक मारली, ‘अगं, चढ की!’ पण स्वप्नात आवाज फुटतो कुठे? दार मिटलं आणि ती तशीच मागे मागे लहान होत गेली.

त्याने पट्टी ओढून काढली. कपाळ घामाने भिजलं होतं. स्वप्नं खोटी असतात, असं म्हणून उडवून लावायची सोय नव्हती, कारण हे खरंच होतं. एकोणीस वर्षं तो नऊच्या फेरीला त्या स्टॉपवर थांबत होता. बायको शिवणाच्या कारखान्यात कामाला होती, कारखाना त्याच्याच रस्त्यावर होता. आणि कित्येक वर्षांत ती त्याला आरशात एकदाही दिसली नव्हती.

संध्याकाळी ती भाजी निवडत बसली होती. तो समोर जाऊन बसला.

“तू कितीच्या बसने जातेस गं?”

“नऊ वाजून दहाच्या.”

“माझी नऊला येते.”

“माझं आवरत नाही नऊपर्यंत. माहितीये की तुम्हाला.”

“पण स्टॉपवर असतेस तू. नऊला.” हे त्याने अंदाजाने म्हटलं, स्वप्नावर विसंबून, आणि तिचे हात थांबले.

ती मान खाली घालूनच म्हणाली, “अकरा वर्षांपूर्वी माझं मनगट मोडलं होतं, आठवतं?”

आठवत होतं. बाथरूममध्ये पाय घसरला म्हणून. त्या वेळी त्याने तिला किती बोल लावले होते! मग ओळीने चार रविवार बाथरूमची फरशी सोडा टाकून घासली होती, आणि त्याचं शेजाऱ्यांना कौतुकही सांगितलं होतं.

“बाथरूममध्ये नव्हते पडले,” ती म्हणाली. “तुमच्या गाडीत पडले. मागच्या दाराने चढले, एक पाय अजून पायरीवरच होता. घंटी झाली आणि तुम्ही निघालात. तेव्हापासून तुमची गाडी जाऊ देते मी.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगणारच होते. पण तुम्ही घरी आलात ते उड्या मारत. चार मिनिटं लवकर पोचलात म्हणून.” ती जरा हसली, पण ते हसू कुणालाही आवडलं नसतं. “आणि सांगितलं असतं तर काय म्हणाला असतात तेही माहीत होतं. दांडा धरायला काय होतं माणसांना.”

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दाखवत फिरणाऱ्या माणसाला स्वतःचं मुसळ असं समोर येऊन भेटलं. मनगट मोडायच्या आधी ती कारखान्यात कापड बेतून कापायची. कात्री धरावी तर हिने, असं तिथले मुकादम म्हणत. मनगट सांधलं पण मोठी कात्री पेलेना, आणि तिला काज-बटणांच्या टेबलावर बसवलं. रोज दहा मिनिटं उशीर होतो म्हणून तेच मुकादम अकरा वर्षं तिला बोलत होते. हे सगळं त्याला माहीत होतं. फक्त ते कुणामुळे, एवढंच माहीत नव्हतं. त्याला रडू आलं. ते त्याने लपवलंही नाही.

तिसऱ्या आठवड्यात एकोणीस वर्षांची टिमकी बंद पडली. त्याची पाळी आली की तो गाडी अशी चालवायचा की मामा घोरायला लागायचा. बाई वहीत रेघा मारत राहिल्या, विचारलं मात्र काही नाही.

चाचणीची रीत बाईंनी आधीच सांगितली होती. वरच्या वर्गाला लेखी पेपर. खालच्यांनी मात्र घरचं एक माणूस आणायचं, त्याला एका चांगल्या गाडीत बसवून रस्त्यावरून दोन चकरा मारायच्या. मग त्या माणसाला एकच प्रश्न: या ड्रायव्हरच्या गाडीत तुम्ही निर्धास्त बसाल का? उत्तर हो किंवा नाही.

बायको यायला तयार होईल असं तुफानला वाटलं नव्हतं. ती आली, कारखान्यातून अर्धी रजा टाकून. पायरीशी क्षणभर थांबली. मग चढली. तो आरशात बघत होता. ती बसली, पिशवी मांडीवर घेतली, पदर सारखा केला, तोवर त्याने गिअरला हात लावला नाही. मागे एक गाडीवाला हॉर्न वाजवून थकला.

त्या दोन चकरांमध्ये शहर पाण्याखाली असल्यासारखं सावकाश सरकत होतं. झाडांच्या सावल्या काचेवरून आत येत आणि बायकोच्या मांडीवरच्या पिशवीवरून मागे निघून जात. सिग्नलला गाडी कधी थांबली हे कळू नये इतकी हळूच थांबत होती. आयुष्यात तुफानने इतकी चांगली गाडी चालवली नव्हती. तेवढं त्याचं त्यालाही समजलं. पण आरशात त्याला आणखी एक गोष्ट दिसत होती. बायकोने समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता आणि शेवटच्या वळणापर्यंत तिची बोटं सैल झाली नाहीत.

गाडी आवारात थांबली. बाईंनी वही उघडली. वरच्या वर्गातले नऊच्या नऊ जण सकाळीच पास झाले होते, आणि बाईंचा चेहरा जरा उतरलेला होता; त्यांची सगळी भिस्त खालच्या वर्गावर होती.

“या ड्रायव्हरच्या गाडीत तुम्ही निर्धास्त बसाल का?” त्यांनी विचारलं.

“बसेन,” बायको म्हणाली. “निर्धास्त नाही.”

“मला हो किंवा नाही लिहायचंय.”

तिने तुफानकडे पाहिलं. सोमवार, स्टिअरिंग, शेड, सगळं तिलाही ठाऊक होतं. “गाडी फार छान चालवली हो यांनी,” ती हळू म्हणाली. “पण पोटातली भीती गेली नाही माझी. खोटं कसं सांगू?”

तुफानच्या जिभेवर शंभर शब्द आले. तीन आठवड्यांपूर्वी त्यातला एकही आत राहिला नसता. आता तो एवढंच म्हणाला, “‘नाही’ लिहा, बाई.”

बाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. “आणखी तीन आठवडे लागतील. आणि पुढच्या वेळीही ‘नाही’ आलं तर शेड.”

“लिहा.”

बाईंनी लिहिलं. बायकोने पिशवी खांद्याला अडकवली, पण ती उतरली नाही. “बाई, जेवणाच्या सुट्टीत मी रोज आले तर चालेल का? यांच्या गाडीत बसायला?”

“अगं, भीती वाटते ना तुला?” तुफान म्हणाला. “मग कशाला येतेस?”

“मला हो म्हणायचंय,” ती म्हणाली. “पण खरं झाल्यावर.”

तुफानने आरशाकडे तोंड वळवलं आणि तो उगाचच नीट करत बसला. बाईंनी वहीत नवीन पान काढलं आणि विचारलं, “किती वाजता सुट्टी होते तुमची?”

“दीड वाजता,” बायको म्हणाली.