सोपानरावांच्या कानातला घोडा

चाकणजवळच्या एका फोर्जिंग कारखान्यात सोपानराव सव्वीस वर्षं घणाच्या मशीनवर होते. यंदाच्या तपासणीत त्यांचा डावा कान निम्मा गेलेला निघाला. कारखान्यात तपासायला आलेल्या डॉक्टर विजयश्रींना समजावून सांगायची भारी हौस. त्यांनी कागदावर कान काढला, आतली तीन इवलीशी हाडं दाखवली आणि त्यांच्या लॅटिन नावांचे अर्थ सांगितले. मॅलियस म्हणजे हातोडा, इन्कस म्हणजे ऐरण, स्टेपीज म्हणजे रिकीब, घोडेस्वार पाय अडकवतो ती खोगिराची कडी. आवाज आला की हातोडा ऐरणीला हलवतो आणि ऐरण रिकिबीला.

हातोडा आणि ऐरण सोपानरावांना लगेच पटले; जन्म त्यातच गेला होता. रिकिबीपाशी मात्र ते अडले.

"मॅडम, रिकीब हाय, तर मग घोडा कुठं हाय?"

घोडा नसतो, नुसतं आकारावरून नाव पडलंय, असं डॉक्टर म्हणाल्या. पण मोकळी रिकीब कुणी कशाला टांगून ठेवील? इतक्या वर्षांच्या दणक्यानं घोडा बुजून पळाला, हे सोपानरावांनी मनाशी ठरवलं. घरी जाऊन त्यांनी तसंच सांगितलं.

त्यांच्या बायकोला, यशोदाबाईंना, यात नवल वाटलं नाही. जनावर पोटासाठी परततं, म्हणून त्या रोज जेवताना नवऱ्याच्या डाव्या कानाशी भिजवलेल्या हरभऱ्यांची वाटी धरून बसू लागल्या.

गोष्ट सेफ्टी ऑफिसर कुलदीपच्या कानावर गेली. त्यानं गंभीरपणे वहीत लिहून घेतलं की कामगाराच्या डोक्यात विनापरवाना हातोडा चालू आहे. मग त्यानं सोपानरावांच्या हातात कान झाकायचे इअरमफ ठेवले. आजवर सोपानरावांनी ते कधी घातले नव्हते. डोकं तापतं म्हणायचे. आता मात्र घातले. घोडा परत आलाच, तर पुन्हा बुजायला नको.

सहा महिन्यांनी फेरतपासणी झाली. डावा कान सुधारला नव्हता, पण आणखी बिघडलाही नव्हता. सोपानरावांनी उजवा कान पुढं केला.

"ह्यातला तरी हाय का बघा."

डॉक्टरांनी बॅटरी लावून बराच वेळ आत पाहिलं. लॅटिन त्यांच्या ओठांवर आलं होतं.

"आहे," त्या म्हणाल्या. "जपा त्याला."

मागं तपासणीच्या रांगेत उभ्या असलेल्या सगळ्या शिफ्टनं हेल्मेटं काढली आणि आपापला घोडा दाखवायला कान पुसायला घेतले.