आधी सामान, मग पाय

मित्रांनो, मी एका जुन्या टॅक्सीची डिकी आहे. माझी कहाणी गोड गोड असेल असं वाटत असेल, तर माफ करा. मी आज जाम चिडलेली आहे!

कारखान्यात पत्रा ठोकून मला घडवलं, तेव्हा मी आरशासारखी चकाकत होते. माझे पहिले मालक म्हणजे देवमाणूस. गाडी थांबली की आधी स्वतः उतरायचे, मला उघडायचे, बॅगा अलगद खाली ठेवायचे आणि मगच भाड्याचं बोलायचे. "डिकी आहे की बिऱ्हाड!" असं प्रवासी कौतुकानं म्हणायचे. मी फुगायचे. पत्र्याला फुगता येत नाही, तरीही!

पुढे त्यांचे डोळे अधू झाले आणि गाडी विकली गेली. नव्या मालकाला स्टँडवरचे सगळे 'शॉर्टकट' म्हणत, कारण तो त्याने जन्मात कधी घेतला नव्हता. दोन वळणांवरचं घर नऊ वळणांनी गाठायचा. तेही एक वेळ सोडा. त्याने माझं बाहेरचं कुलूपच काढून टाकलं आणि स्वतःच्या सीटखाली एक दांडी बसवली. ती ओढली तरच मी उघडणार. प्रवासी उतरले की हा आत बसूनच दुप्पट भाडं मागायचा. कुणी नाही म्हटलं, तर सरळ गाडी सुरू! लोक माझ्यावर थापा मारत मागे धावायचे. माझा गंज पुसायला याला वेळ नव्हता, पण चोरीत भागीदार करायला मी बरी सापडले!

एका सकाळी स्टेशनबाहेर एक आत्या आणि तिची कॉलेजात जाणारी भाची आल्या. दोघींना अकराच्या आत हॉस्पिटल गाठायचं होतं. आत्याच्या हृदयाचे सगळे रिपोर्ट बॅगेत होते. ते बघूनच डॉक्टर ऑपरेशनची तारीख देणार होते आणि आजची वेळ हुकली, तर पुढची दोन महिन्यांनी.

"द्या मावशी, ओझं कशाला उचलता?" असं म्हणत शॉर्टकटने भाचीच्या हातातून बॅग घेतलीसुद्धा. धाडकन मला बंद केलं. मी आतून ओरडत होते, "देऊ नका गं!" पण डिकीचं कोण ऐकतं?

गाडी हॉस्पिटलच्या फाटकाशी थांबली. भाची उतरून माझ्यापाशी आली. आत्या मात्र जागची हलली नाही. तिने आपल्या बाजूचं दार सताड उघडलं आणि पाय बाहेर सोडून बसली.

"मावशी, उतरा की. मागे गाड्या खोळंबल्यात."

"खोळंबू देत. आधी बॅग काढ."

"सामानाचे वेगळे पडतील. लांबून आणलंय तुम्हाला."

"लांबून तू आणलंस, हॉस्पिटल आहे तिथेच होतं! ठरलेलं भाडं हे घे."

"मग बॅग नाही मिळणार."

"नको देऊस. मी बसलेय. बघू, दार उघडं ठेवून म्हातारीला कुठे पळवतोस ते!" आत्या कडाडली. "पंचवीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते मी. तुझ्यासारखे रोज दोन उतरवायचे."

"आत्या, अगं छातीत दुखेल, ओरडू नकोस!" भाची रडकुंडीला आली होती, पण तिने माझ्यावरचा हात काढला नाही. "काका, तुमच्या गाडीच्या नंबरचा फोटो मी बसतानाच बाबांना पाठवलाय हं."

मागचे हॉर्न वाढले. फाटकावरचा रखवालदार काठी आपटत आला, "काय चाललंय?" शॉर्टकटने दात-ओठ खात दांडी ओढली. मी अशी उसळून उघडले की बिजागऱ्या करकरल्या! भाचीने बॅग छातीशी धरली, तेव्हा कुठे आत्या उठली. दोघी फाटकातून आत शिरल्या, तेव्हा अकराला चार मिनिटं होती.

शॉर्टकट सुधारला का? छे! दुपारीच त्याने एका एकट्या मुलाची वाद्याची पेटी घेऊन पोबारा केला. ती अजून माझ्या पोटात आहे आणि खड्ड्यात गाडी आदळली की आतल्या तारा झणझणतात. मला शरमेनं मेल्यासारखं होतं.

मित्रांनो, दोघं असाल, तर सामान हातात येईपर्यंत एकाने गाडीतून उतरू नये. एकटे असाल, तर बॅग मांडीवर घ्या. ड्रायव्हरने कितीही गोड बोलून हात पुढे केला, तरी मला काहीही देऊ नका. खुशाल उपाशी ठेवा मला!